टाचेत आईचं दुखणं

माझी मुलगी पायाळू आहे हे मी गावात कुणालाही सांगितलं नव्हतं. पाय आधी आले, डोकं शेवटी आलं, तरी ती वाचली आणि मीही वाचले, एवढं मला पुरे होतं. सांगितलं ते सासूबाईंनी. बारशाला आलेल्या बायकांना पेढा देता देता म्हणाल्या, “नात पायाळू हाय बरं का. कुनाला उसण भरली तर या.” बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आज चीड येते.

पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. माझ्या माहेरी, जुन्नरलाही मानतात. तिथे आमच्या गल्लीत एक पायाळू म्हातारा होता, पोस्टातून रिटायर झालेला. तो कुणाच्याही कंबरेला पाय लावायचा आणि वर शिव्या द्यायचा. त्याला शिव्या तरी देता येत होत्या. माझी अक्षदा चार वर्षांची आहे.

लोकांनी ती पायावर नीट उभी राहीपर्यंत वाट पाहिली, हे उपकारच म्हणायचे. पहिली आली ती शेजारची कोंडाबाई. कांदा लागवडीचे दिवस होते, पंधरा दिवस वाकून वाकून तिला सरळ होता येईना. कोंडाबाई माझ्या बाळंतपणात रात्रंदिवस राबलेली बाई, तिला नाही कसं म्हणायचं? “एकदाच,” मी म्हणाले. ती ओट्यावर पोत्यावर पालथी झोपली. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, अक्षदाला काखेत धरून उभं केलं आणि तिचा डावा पाय तीनदा कोंडाबाईच्या कंबरेवर टेकवला. अक्षदाला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी कोंडाबाई सरळ चालायला लागली, आणि चौथ्या दिवशी आमच्या सगळ्या गावात, महाळुंग्यात, ते माहीत झालं होतं.

मग रविवार ठरला. रविवारी सकाळी, तेही अनशापोटी. ज्याला दुखतंय त्यानं काही खायचं नाही, आणि पाय लावणारीनंही खायचं नाही. दिवाळीपर्यंत आठ-दहा माणसं यायला लागली. कळंबहून यायची, पार पेठेकडून यायची, मोटारसायकलवर मागे कण्हत बसून यायची. माझी मुलगी नऊ-साडेनऊपर्यंत उपाशी. दूध मागायला लागली की आत्या म्हणायच्या, “थांब गं माझी बाय, दोनच राह्यलेत.” दोनाचे चार व्हायचे. पैसे घ्यायचे नाहीत, पैसे घेतले की गुण जातो. म्हणून बिस्किटचे पुडे, नारळ, ओंजळभर शेंगा. माझ्या फडताळात सतरा पुडे साठले होते आणि मुलीला बिस्किट बघितलं की ओकारी यायची.

प्रत्येक माणसाला आत्या एकच वाक्य सांगायच्या. “काय न्हाई, आता मोकळं व्हाल. आमची पोर दुखनं पायात वढून घेती.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, मी ते पन्नास वेळा ऐकलं आणि सोडून दिलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. बघण्यापलीकडे मी काय करायची? माझीच कंबर धड नव्हती.

अक्षदाच्या बाळंतपणापासून ती दुखते. आधी दोन वर्षं गोळ्या घेतल्या. एक डॉक्टर एक द्यायचा, दुसरा त्यात दुसरी घालायचा. शेवटी पोटात आग पडली, शौचाला काळं काळं होऊ लागलं, आठ दिवस सलाईनवर पडले. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या बंद. मी विचारलं, मग दुखतंय त्याचं काय? त्यांनी कागदावर एक पत्ता लिहून दिला. मंचरला एस.टी. स्टँडच्या मागे औषधाच्या दुकानाच्या वर एक खोली होती, तिथे दर मंगळवारी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी बसते, प्रतीक्षा नाव.

प्रतीक्षा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, कळंबची. पहिल्या दिवशी तिनं अर्धा तास फक्त ऐकून घेतलं. तोपर्यंत माझ्या कंबरेबद्दल कुणी दोन मिनिटांवर ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, “ताई, दुखतंय हे खरं आहे. पण दुखतंय म्हणजे दर वेळी आत काही तुटतंय, असं नाही. इतके महिने दुखलं की अंगाला दुखायची सवय लागते. ती हळूहळू मोडायची.” सहा व्यायाम शिकवले. पोटातून श्वास घ्यायला शिकवला. गरम पाण्याची पिशवी, रोज कालव्यापर्यंत चालणं, वीस मिनिटांच्या वर एका जागी वाकून काम करायचं नाही. आणि एक वही दिली. सकाळ-संध्याकाळ दहापैकी किती दुखलं तो आकडा लिहायचा. “आणि त्या दिवशी काय केलं तेवढंच लिहू नका,” म्हणाली. “काय झालं, तेही लिहा.”

बी.ए. झाल्यापासून मी वहीत काही लिहिलं नव्हतं. बरं वाटलं.

घरात मात्र तमाशा झाला. सुनेनं सकाळी चटईवर उताणं पडून कंबर वर-खाली करायची, हे कुणी पाहिलं होतं? आत्या ओट्यावरून ऐकू जाईल असं बोलायच्या, “आमी बाळंत झालो आन बाराव्या दिशी खुरपं हातात घेतलं. आमच्या कंबरा काय लोखंडाच्या व्हत्या? आता बघा, दिस उगवला की सून आडवी.” कोंडाबाई हसून आत्यांना म्हणायची, “अवं, टीव्हीत करत्यात त्ये करती ती. तुमाला न्हाई कळायचं, प्रयागाबाय.” मग मी आतल्या खोलीत, दार लावून, कांद्याच्या पोत्यांमधे चटई घालून व्यायाम करायला लागले. चोरी केल्यासारखा.

एका मंगळवारी घरी आले तर आत्यांनी विचारलं, “ती कळंबची पोरगी कुनाची म्हनायची?” मी आडनाव सांगितलं. आत्यांनी ते तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघितलं. मग म्हणाल्या, “तिनं हात लावला व्हय कंबरेला?” मी म्हणाले, “हात लावल्याशिवाय कसं शिकवणार?” “मग आधी आंघोळ कर. मगच चुलीपाशी जा.”

मी आंघोळ केली नाही. चुलीपाशी गेले. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक हिशोब पक्का बसला. शिकलेल्या बाईचा हात यांना बाटवतो, आणि अख्ख्या तालुक्याच्या कंबरांवर फिरणारा माझ्या मुलीचा पाय मात्र पवित्र.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

फेब्रुवारीत एक दिवस वहीत आठचा आकडा होता. हरभरा काढून आलो होतो, वीस मिनिटांचा नियम कुणी पाळू दिला नव्हता. भरत, माझा नवरा, डेअरीवर गेलेला. आत्या मळ्यात. मला उठता येईना, बसता येईना. अक्षदा जवळ खेळत होती. मी, बी.ए. मानसशास्त्र, दार लोटून घेतलं, चटईवर पालथी झाले आणि तिला म्हणाले, “अक्षू, माझ्या पण लाव गं पाय.”

तिनं भिंतीला धरून तोल सावरला आणि डावा पाय तीनदा माझ्या कंबरेवर टेकवला. इवलासा गार पाय. मग माझ्या तोंडाशी वाकून विचारलं, “गेलं?”

मी म्हणाले, “गेलं हं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याचा हंडा उचलताना कण्हले. ती दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. ते मला दिसलं होतं. मला सगळं दिसतं, आमच्या घरात सगळ्यात जास्त मलाच दिसतं, आणि तरीही मी हंडा घेऊन आत गेले.

मार्चच्या पहिल्या रविवारी अक्षदा लंगडत उठली.

“पाय दुखतो,” म्हणाली. डावा. पडली नव्हती, काटा नव्हता, सूज नव्हती. आत्यांनी तेल चोळलं आणि नेऊन ओट्यावर उभी केली. त्या दिवशी सहा माणसं होती. मंगळवारपर्यंत ती बरी झाली, शनिवारी संध्याकाळी परत लंगडायला लागली. मी घाबरले. माझ्या डोक्यात जे जे येऊ शकतं ते ते आलं. हाडाचा टीबी आला, कॅन्सर आला, पोलिओचा डोस चुकला होता का तेही आलं. दुपारी ती झोपली की मी तिची नडगी बोटांनी चाचपायची, गाठ लागते का बघायची. डॉक्टरकडे नेलं, एक्स-रे काढला, रक्त तपासलं. सगळं चांगलं. डॉक्टर म्हणाले, “वाढीचं दुखणं असतं मुलांना,” आणि सिरप दिलं. दुखेल तेव्हा पाच एमएल.

गोळ्यांनी माझं पोट जाळलं होतं. तरी मी तीन आठवडे मुलीच्या तोंडात ते चमच्यानं ओतलं. कारण डॉक्टरांनी दिलं होतं, आणि कारण सिरप द्यायला कुणाशी भांडावं लागत नव्हतं.

चौथ्या मंगळवारी तिला बरोबर घेऊन मंचरला गेले. प्रतीक्षानं माझी वही उघडली आणि महिनाभराचे आकडे बोटानं खाली खाली वाचत गेली. मग वही माझ्याकडे फिरवली. “ताई, रविवारी काय असतं तुमच्याकडे? दर रविवारी सात-आठ. सोमवारी पण सहा. रविवारी तर शेतात जात नाही तुम्ही.”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माझ्या चटईसकट. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, “लोकांना बरं वाटतं ते खोटं नाही बरं का. उसण चार दिवसांत आपली आपण उतरते. वर कुणीतरी विचारपूस करतं, निवांत झोपवतं, अंगाला हात लावतं, त्यानंही दुखणं कमी होतं. मी वेगळं काय करते? पण त्यासाठी लेकरू कशाला?”

मग ती खाली फरशीवर अक्षदासमोर मांडी घालून बसली. “कुठे दुखतं गं? मला बोटानं दाखव.”

अक्षदानं चप्पल काढली. डावा पाय मांडीवर घेतला आणि अगदी शाळेत नकाशा दाखवावा तसं दाखवायला लागली.

“इथं कोंडाआजीचं,” अंगठ्याला हात लावून म्हणाली. “हितं पेठच्या बाबांचं. हे चेअरमन आजोबांचं, हे लई मोठंय.” तळपायाचा मधला भाग. “हे त्या रडणाऱ्या काकूचं. आणि हितं,” टाच दोन्ही हातांत घट्ट धरली, “टाचेत आईचं. ते सगळ्यात खाली गेलंय. ते निघत नाही.”

प्रतीक्षाचा आवाज तसाच राहिला. “तुला कुणी सांगितलं, ते तुझ्या पायात आलं म्हणून?”

“आजीनं. मी वढून घेते ना.”

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली स्टँडवर नारायणगावची गाडी लागली होती, माणसं दारात घुसत होती. माझा हात खिडकीच्या गजावर होता, तो मला सोडवेना. चार वर्षांची पोर. घरातली मोठी माणसं जे बोलतात ते खरं असतं असं धरून चालणारी. सगळ्या गावाचं दुखणं तिनं मोजून, नावं लावून, जागच्या जागी ठेवलं होतं. आणि माझं सगळ्यात खाली.

“सिरप बंद करा,” प्रतीक्षा दारात म्हणाली. “आणि ते काम बंद करा. दुसरं औषध नाही.”

शनिवारी संध्याकाळी मी भरतला सांगितलं. तो डेअरीत दुधाची फॅट मोजतो. ती नोकरी त्याला डेअरीच्या चिमाजी चेअरमननी लावली, आणि ते या रविवारी परत येणार होते. कंबरेचा पट्टा लावून हिंडतात, दहा वर्षांचं दुखणं.

“एवढा एक रविवार जाऊ दे,” भरत म्हणाला.

“एकही नाही.”

“अगं, पाय टेकवायचा नुसता. तिला काय ओझं उचलायचंय का?”

“ती ओझंच उचलते आहे. तुला नावांसकट सांगू का?”

सांगितलं. तो ऐकत होता, मान खाली घालून. मला वाटलं, आता उठेल आणि आईला सांगेल. तो म्हणाला, “लहान पोरं काहीही बोलतात, अंजना. चेअरमनना तोंडावर नाही कोण म्हणणार? तू म्हणशील?”

“म्हणीन.”

“मग मी नसतो तिथं,” म्हणाला आणि गोठ्यात गेला. पाच फूट नऊ इंचाचा माणूस.

रविवारी मी सगळ्यांच्या आधी उठले. अक्षदाला उठवून पोटभर दूध-भाकरी खायला घातली. तिनं विचारलं, “चालतं?” मी म्हणाले, “चालतं.” तिला आतल्या खोलीत चित्रांचं पुस्तक देऊन बसवलं. मागच्या दाराला कडी घातली. मग माझी चटई आणली आणि पुढच्या दारात, उंबऱ्याला लागून, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत आडवी अंथरली. साडीच्या निऱ्या खोचल्या आणि तिच्यावर उताणी झोपले.

आमच्याकडे झोपलेल्या माणसाला ओलांडून जात नाहीत. लहान पोरानं चुकून ओलांडलं तरी त्याला परत उलटं ओलांडायला लावतात. आत्यांनीच मला ते शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

ओट्यावर नऊ माणसं होती. आत्या पोतं झटकत होत्या. मागे वळल्या आणि मला बघून त्यांच्या हातातलं पोतं तसंच राहिलं.

“ह्ये काय?”

“व्यायाम.” मी गुडघे वाकवले, कंबर उचलली. एक.

“हितं? दारात? मान्सं बसलीत समोर.”

“आत जागा नाही. आत मुलगी आहे.” दोन. “वीस झाले की दुसरा आहे, आत्या. एकूण सहा आहेत.”

माणसांनी माना फिरवल्या. एक म्हातारा खोकला. कोंडाबाई ओट्याच्या कोपऱ्यात बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला, हसत होती की काय कोण जाणे. तेवढ्यात चेअरमनची जीप आली. भरत, जो तिथं नसणार होता, घरामागून पळत आला आणि खुर्ची मांडली. चेअरमन पट्टा सावरत बसले. माझ्याकडे बघितलं, मग भरतकडे.

“भरत, पान्याचं दूध लांबून वळखतो तू. घरात काय चाललंय त्ये वळखंना व्हय रं तुला?”

दोघं-तिघं हसले. भरत खुर्चीमागे उभा राहून जमिनीकडे बघत होता.

“अंजना, ऊठ,” म्हणाला.

“आठ,” मी म्हणाले. कंबर सात-आठवर ठणकत होती, पण मी श्वास चुकवला नाही. पोटातून घेतला, पोटातून सोडला. “चेअरमन, तुमची कंबर किती वर्षं दुखते?”

“धा वर्सं झाली की.”

“माझी मुलगी चार वर्षांची आहे. तुमचं दुखणं तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठं आहे. ते तुम्ही तिच्या पायात ठेवून जाता आणि ती लंगडते. तळपायाच्या मधोमध आहे तुमचं. हे लई मोठंय, म्हणते.”

चेअरमननी आत्यांकडे बघितलं. “पोर लंगडती? मला कुनी सांगितलं न्हाई.”

“लंगडती कशाची,” आत्या म्हणाल्या. “नाटकं हायेत आईची.” मग माझ्या डोक्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मला उलटा दिसत होता. “तुला गुण आला न्हाई म्हनून तू दुसऱ्याचा बी बंद करती. जळती तू लोकांच्या बऱ्या झाल्याल्या पाठीवर.”

हे मला लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं. मी कंबर खाली ठेवली.

“नाही आला गुण,” मी म्हणाले. “मी पण झोपले होते तिच्या पायाखाली, आत्या. फेब्रुवारीत, दार लावून. ती म्हणाली, गेलं? मी म्हणाले, गेलं. खोटं बोलले मी तिच्याशी. दुसऱ्या दिवशी तिनं मला कण्हताना बघितलं. आता ते तिच्या टाचेत आहे. तुमचं एक वाक्य आणि माझं एक खोटं, आपण दोघींनी मिळून केलंय हे. मला जे भोगायचं ते मी भोगते. पण आता या दारातून ती बाहेर येणार नाही. कुणाला यायचं असेल तर मला ओलांडून जा.”

आत्यांचा पाय उंबऱ्यापर्यंत आला. बघितला मी. बोटातलं जोडवं दिसत होतं. तो तिथंच थांबला.

आतून अक्षदाचा आवाज आला, “आई, किती झाले?”

“नऊ,” मी म्हणाले आणि परत कंबर उचलली. “दहा.”

चेअरमन उठले. खुर्चीचा हात धरून उठले, तोंड वाकडं झालं, खरंच दुखत होतं त्यांना. “चला,” म्हणाले. “आमाला काय पायाळूंचा दुस्काळ पडलाय व्हय? लई मिळतील.” जीप गेली. मागोमाग बाकीचे गेले, आपापले नारळ परत पिशवीत घालून. भरत जीपमागे रस्त्यापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला.

कोंडाबाई तेवढी उरली. ती चटईजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “त्ये आकडं लिवायचं आसतं म्हनं. मला कुठं लिवता येतं? माजी वही कोन लिवंल?”

“मी लिहीन,” मी म्हणाले. “गुडघे वाकव.”

“हितं नको बाई. आत.”

आत्या माझ्याशी एकवीस दिवस बोलल्या नाहीत. भरतला चेअरमननी फॅटवरून काढून कॅन धुवायला लावलं. तो मला काही म्हणत नाही. मीही त्याला काही म्हणत नाही, म्हणायला गेले तर थांबणार नाही.

आणि अक्षदा काही दुसऱ्या दिवशी नाचायला लागली नाही. तिला सगळं समजून हवं होतं. “मग त्यांचं दुखणं कुठं गेलं?”

“त्यांच्या घरी.”

“ज्याचं त्याच्याकडे?”

“ज्याचं त्याच्याकडे. ते कधी तुझ्याकडे आलंच नव्हतं.”

हे शेवटचं तिला पटलं नाही. रोज संध्याकाळी गरम पाण्यात पाय बुडवून बसायची आणि एकेकाला पाठवून द्यायची. एप्रिलच्या शेवटी कोंडाआजीचं गेलं. पेठच्या बाबांचं गेलं, रडणाऱ्या काकूचं गेलं. मे महिन्यात एक दिवस जाहीर केलं, चेअरमन आजोबांचं जीपमधून गेलं. लंगडणं थांबलं. टाच तेवढी राहिली. मी कण्हले की ती अजून खाली बघते. म्हणून मी आता तिच्यासमोर दुखणं लपवत नाही, आकडा सांगते. “आज पाच आहे, अक्षू. माझ्या कंबरेत आहे. मी व्यायाम करते आहे.” मनातून रोज स्वतःला शिव्या देते, ते वहीत लिहिते.

परवा कोंडाबाई तिची वही लिहून घ्यायला आली आणि सहज म्हणाली, “चेअरमनला दुसरं पायाळू मिळालं की गं. बोरी बुद्रुकला हाय. आठ म्हयन्याचं पोर. उभं राहात न्हाई अजून, पन धरून पाय लावत्यात. रयवारी जीपा लागत्यात म्हनं.”

माझा पेन थांबला. “आई कोण आहे त्याची?”

“आता आई कोन इचारतं? बापाचं नाव सांगत व्हते, भिका का कायसं.”

काल रात्री भरतला सांगितलं, उद्या बोरीला जाणार. तो म्हणाला, “आपलं पोरगं सुटलं ना? आता त्यांचं ते बघतील.” मी म्हणाले, “आपलंही आपण कुठं बघत होतो.” सकाळी मात्र आम्हा दोघींना सायकलवर बसवून कळंबच्या फाट्यापर्यंत सोडायला आला. मी त्याला थँक्यू म्हटलं नाही.

आता फाट्यावर नारायणगावच्या गाडीची वाट बघत उभी आहे. तिथून जीपनं बोरी. पिशवीत कोरी वही आहे, त्या बाईसाठी, तिला लिहिता येत असलं तर. ती मला दारात उभी करेल का, माहीत नाही. तिची सासू असेल. नारळ, बिस्किटचे पुडे असतील. माझी कंबर सकाळी सहा होती, गाडीत उभं राहावं लागलं तर सात होईल.

अक्षदा कडेला दगडावर बसून टाच हलवून बघते आहे.

“किती?” मी विचारलं.

“दोन.” मग जरा विचार करून म्हणाली, “त्या बाळाचं किती असेल?”

“त्याला सांगता येत नाही अजून,” मी म्हणाले. गाडी वळणावर दिसली तसा मी तिचा हात धरला.